परदेशी पाकीट आणि हनीफशेठचं नाव

दुकान बंद करून मला आता बरीच वर्षं झाली, तरी पोस्टमन जिन्याखाली थांबला की मी उठते. हातातलं काम टाकून उठते. परवा भाजी चिरत होते, विळी तशीच उभी ठेवून खाली गेले, तर सुनेने आरडाओरडा केला. पोस्टाने आता येतं काय, विम्याचं पत्र नाहीतर कुणाच्या वास्तुशांतीचं आमंत्रण. तरी पाकीट हातात पडून त्यावरचं नाव वाचून होईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. धंदा माणसाला काही ना काही लावून जातो. मला त्याने पाकिटांची धास्ती लावली.

या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "शैलाताई, भिवंडीत बसून तुम्ही कॉम्प्युटरवर जे काही केलंत त्यातल्या गमती लिहा." गमती लिहिते. पण एक गोष्ट गमतीची नाही, आणि ती टाळून बाकीचं लिहायला माझा हात धजत नाही.

माझं दुकान भिवंडीच्या नारपोली भागात, पहिल्या मजल्यावर. खाली लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, सुट्या भागांचं दुकान, मागच्या भिंतीपलीकडे कारखाना. दिवसभर खटाखट, खटाखट. टेबल थरथरायचं, पेल्यातला चहा हलायचा. नवीन गिऱ्हाईक विचारायचं, "मॅडम, सर नहीं दुखता?" नाही दुखायचं. उलट शुक्रवारी लूम बंद असले की त्या शांततेत मला चैन पडायचं नाही. मी उगाच वायरी पुसायचे, खुर्च्या इकडच्या तिकडे करायचे. आधी माझा टायपिंगचा क्लास होता. मग टायपिंगची मशीनं गेली, कॉम्प्युटर आले, आणि दोन हजार सालानंतर शेठलोकांना वेबसाइटचं वेड लागलं. व्हिजिटिंग कार्डावर डॉट कॉम नसलं तर मुंबईच्या मार्केटात कुणी उभं करत नाही, असं एकाने दुसऱ्याला सांगितलं आणि माझा जिना झिजायला लागला.

माझं काम काय होतं ते आधी सांगते. इंटरनेटवर साइट काढायची तर नाव लागतं. गिऱ्हाईक म्हणायचं, "मॅडम, ते नाव एकदाचं विकत घेऊन टाका." नाव विकत मिळत नाही. ते गाळ्यासारखं भाड्याने मिळतं, वर्षाच्या कराराने. भाडं वेळेवर भरलं की नाव तुमचं. तारीख टळली की कुलूप. मग काही दिवस वाट बघतात, त्यानंतर दंड मागतात, आणि तरीही तुम्ही आला नाहीत तर ते नाव जगातल्या कुणालाही देऊन टाकतात. त्याच नावावर तुमची साइट आणि त्याच नावावर तुमची ईमेल. म्हणजे नावाला कुलूप लागलं की दुकान आणि पोस्टाची पेटी दोन्ही एकदम बंद. मी मुंबईच्या एका कंपनीकडे खातं ठेवलं होतं आणि सगळ्यांची नावं तिथून घ्यायचे. तारखा सांभाळणं हेच खरं काम. साइट काय, कुणीही बनवतं.

आता या धंद्यातली मेख ऐका. त्या काळी नाव घेताना तुमचं नाव, पत्ता, फोन आणि करार संपायची तारीख, हे सगळं एका उघड्या यादीत लागायचं. जगात कुणीही बघू शकायचं. दुकानाच्या पाटीवरच 'आमच्या घरी अमुक तारखेला कुणी नसतं' असं लिहून ठेवण्यातला प्रकार. परदेशातले काही भामटे बसल्या जागी ती यादी चाळायचे आणि तारीख जवळ आलेल्या माणसाला पाकीट पाठवायचे. जाड गुळगुळीत कागद, कोपऱ्यात पंख पसरलेला पक्षी, खाली बारकोड, आणि लाल अक्षरात शेवटची तारीख. तुमचं नाव बरोबर, पत्ता बरोबर, तारीख बरोबर. माझ्या रकमेच्या पाचपट पैसे मागितलेले. 'न भरल्यास नाव गमावण्याची शक्यता' हे वाक्य ठळक. आणि अगदी तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या राखाडी अक्षरात, 'हे बिल नसून विनंती आहे'. पैसे भरून मिळायचं काय? कुणीही न वाचणाऱ्या कसल्याशा यादीत वर्षभर तुमचं नाव. खऱ्या भाड्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. काही बहाद्दर तर त्याच कागदावर सही घेऊन तुमचं नाव गुपचूप स्वतःकडे वळवायच्या खटपटीत असायचे.

असं पहिलं पाकीट मी पाहिलं ते राहनाळच्या काशिनाथशेठच्या हातात. शेती गेली, गोडाऊनं उभी राहिली, गळ्यात बोटाएवढी चेन आली, असा माणूस. त्याच्या साइटवर त्याचा फोटो एवढा मोठा होता की मागे गोडाऊन आहे हे सांगावं लागायचं. पाकीट कोपऱ्यात चिमटीने धरून तो वर आला.

"ताई, ह्यो कोन हाय? म्हनतो नाव तोडीन."

मी वाचलं, तळाची ओळ दाखवली, म्हटलं, "शेठ, हे बिल न्हाय. फसवायचा धंदा हाय." माझं माहेरही याच तालुक्यातलं, दिघाशीचं, त्यामुळे राहनाळच्या माणसाशी बोलताना माझी जीभ आपोआप घरी जाते.

"मंग फाडू?"

"फाडा."

"न्हाय, फाडत न्हाय. येऊ दे त्याला तोडायला. माझ्या जाग्यात पाय ठेवून दाखव म्हनावं."

कुणी येत नसतं, नाव परदेशातल्या एका मशीनमध्ये असतं, असं मी समजावलं. त्यावर तो म्हणाला, "मशीनला रखवालदार असंल ना?" घरी जाऊन त्याने आपल्या रखवालदाराला बजावलं, की गोरा माणूस नाव विचारत आला तर गेट उघडायचं नाही. पुढे खऱ्या भाड्याची तारीख आली आणि मी फोन केला, तर मलाच दम. "तू बी तोडनार काय?" मी हसले आणि माझ्या खिशातून पैसे भरून टाकले. दोन महिन्यांनी त्याने ते दिले, वर पिशवीभर वालाच्या शेंगा. कुणालाच काही न देण्याचा त्याचा स्वभाव होता, आणि त्या एका स्वभावामुळे भामट्यांना माझ्या गिऱ्हाइकांत काशिनाथशेठसारखा चिवट माणूस दुसरा भेटला नसेल.

त्यानंतर मी बऱ्याच जणांना फोन करून सांगितलं, परदेशी कागद आला तर आधी मला दाखवा. हनीफशेठना मात्र फोन केला नाही. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत शहाणा माणूस तो. त्यांना काय सांगायचं, असं मला वाटलं.

हनीफशेठ कोकणी मुसलमान, भिवंडीतलं जुनं घराणं. पांढरी दाढी, चष्म्याला दोरी, रोज सकाळी मराठी आणि उर्दू दोन्ही पेपर वाचणार. चोवीस लूम. आजूबाजूला सगळे कोरं कापड काढायचे, हे मात्र चौकड्याचे रुमाल आणि लुंग्या काढायचे. फर्मला वडिलांचं नाव होतं, म्हणून साइटलाही तेच. साइटसाठी रुमालांचे फोटो मीच काढले होते, गच्चीवर, वाऱ्याने उडू नयेत म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून. ते फोटो बघून आफ्रिकेतल्या एका बंदरातल्या व्यापाऱ्याने त्यांना लिहिलं, आणि तेव्हापासून दरवर्षी ईदच्या आधी त्याची मोठी ऑर्डर यायची. निम्मा कारखाना त्या एका ऑर्डरवर चालायचा. घरी कॉम्प्युटर येईपर्यंत शेठ रोज अकरा वाजता माझा जिना चढायचे. "बेटा, डाक उघड," म्हणायचे, आणि एका बोटाने उत्तर लिहायचे. उत्तर लिहून झालं की पडद्याकडे बघून मान तुकवायचे, जणू तो व्यापारी समोर बसलाय.

त्यांना पाकीट आलं त्या वर्षी भिवंडीत आणखी एक गोष्ट झालेली होती. वीजपुरवठा मंडळाकडून खाजगी कंपनीकडे गेला होता. बिलाचा रंग बदलला, वरचं नाव बदललं, भरायची खिडकी बदलली. बिल मात्र भरायचंच होतं. ते खोटं समजून बाजूला ठेवणारे पस्तावले होते. हनीफशेठ तर आधीच दुधाने तोंड पोळलेले. काही वर्षांपूर्वी एका बिलावर वाद घालत बसले, भरायचं राहिलं आणि चार दिवस लाइन कापलेली राहिली. दोन कारागीर तेवढ्यात दुसरीकडे निघून गेले. तेव्हापासून त्यांचा नियम एकच, आधी भरा, मग भांडा. भिवंडीत निम्मे कारखानदार याच नियमाने चालायचे. तेव्हा लाल तारखेचं पाकीट आलं, वर अनोळखी कंपनीचं नाव दिसलं, आणि त्यांनी समजूत करून घेतली, की विजेसारखं हेही दुसऱ्या कंपनीकडे गेलं. निर्यातीमुळे बँकेत ओळख होती. डॉलरचा ड्राफ्ट काढला, कुरिअरने पाठवला, पोच फायलीला लावली आणि निश्चिंत झाले.

मला यातलं काहीच माहीत नाही. तारखेला अठरा दिवस राहिले तेव्हा मी नेहमीप्रमाणे आठवण करायला त्यांच्या ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे कारखान्यालाच लागून काचेची खोली. आत मुनीमजी होते आणि सुताचे दोन व्यापारी चहा पीत बसले होते.

"शेठ, नावाची तारीख आली."

"ती भरली की," शेठ म्हणाले आणि अभिमानाने फाइल पुढे केली. "ह्यो बघ. येळेच्या आधी भरली."

मी कागद पाहिला आणि माझं डोकं फिरलं. माझ्या रागाला नाकाचा शेंडा पुरत नाही, हे सगळी नारपोली जाणते. हळू बोलायचं होतं, बाहेर बोलवून सांगायचं होतं. मी त्या व्यापाऱ्यांसमोर मोठ्याने म्हटलं, "शेठ, तुम्हाला उल्लू बनवलंय! शिकलेसवरलेले तुम्ही, खालची ओळ नाही वाचलीत?"

सुताच्या व्यापाऱ्यांपैकी एक हसला. हनीफशेठचा चेहरा लाल झाला.

"बेटा, कंपनी बदलली असंल. लाइटची न्हाय बदलली?"

"ती वेगळी गोष्ट. हे चोर आहेत."

"चोर कागद पाठवतो?" त्यांचा आवाज चढला नाही, पण जड झाला. "त्यांनी कागद पाठवला. त्याच्यावर माझा नाव हाय, पत्ता हाय, तारीख हाय. तू चार वर्षांत मला काय दिलंस? एक चिठ्ठी तरी दिलीस?"

इथेच माझं घोडं पेंड खात होतं. मी कुणालाच कधी कागद दिला नव्हता. आमच्याकडे सुताच्या गाठी तोंडी सौद्यावर उचलल्या जातात. मी वर्षातून एकदा फोन करायचे, शेठ माणूस पाठवायचे, पावती त्यांनी मागितली नाही आणि मी दिली नाही. शब्दावर चालणारा धंदा म्हणून मी चारचौघांत मिरवायचे. कुठल्या कंपनीकडे आपलं नाव आहे हे त्यांनी डोळ्यांनी कधी बघितलंच नव्हतं, मग खरं-खोटं ताडून बघणार कशाशी? त्यांचं बरोबर होतं. म्हणूनच मला ते झोंबलं.

"मग त्यांच्याकडेच जा," म्हटलं आणि निघाले. मागून मुनीमजींनी "मॅडम, चाय..." म्हटलं, तेही ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

ते अठरा दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. माझ्या खात्याच्या पानावर सगळ्यांची नावं एकाखाली एक दिसायची. तारीख जवळ आली की नाव पिवळं व्हायचं, अगदी जवळ आली की लाल. हनीफशेठच्या वडिलांचं नाव पिवळं झालं. मी ते पान दिवसातून दहा वेळा उघडायचे. उघडायचे, बंद करायचे, खिडकीत जायचे, परत येऊन उघडायचे. बाजूलाच भरण्याचं बटण होतं. पाचशे-सहाशे रुपयांचा प्रश्न. काशिनाथशेठसाठी मी हसत हसत भरले होते. इथे हात पुढे होईना.

आमचे हे डाइंगच्या कारखान्यात कामाला होते. मोजकं बोलणारे. जेवताना माझं ताटात लक्ष नाही हे त्यांनी पाहिलं आणि कारण काढून घेतलं.

"भरून टाक आणि मोकळी हो," ते म्हणाले. "शेठ काय तुझे पैसे बुडवणार आहेत?"

"पैशाचं नाही. मला चोराच्या खाली बसवलं त्यांनी."

"मग त्यांना जाऊन नीट समजाव."

"ते येतील की समजून घ्यायला."

मी जेवण अर्धं टाकून उठले.

खरं सांगायचं तर नुसता राग नव्हता. राग दोन दिवसांत ओसरतो. माझ्या मनात आलं होतं, की पडू दे दोन दिवस बंद, मग कळेल त्यांना तो कागद खरा की मी. तारखेनंतर काही दिवस नाव परत मिळतं हे मला माहीत होतं. तेव्हा नुकसान काहीच नाही, फक्त धडा मिळेल, असा माझा हिशेब. शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी खुर्चीवर टेकू शकले नाही. नाव लाल होऊन समोर होतं. सहा वाजता मी मशीन बंद केलं, कुलूप लावलं आणि घरी आले.

तिसऱ्या दिवशी मुनीमजी वर आले. दारातच उभे राहिले.

"मॅडम, शेठने पूछा है, आपने लाइन काटी क्या?"

"मैंने नहीं काटी," मी म्हटलं. "जिसको पैसा दिया है, उससे पूछो."

तेव्हा तरी उठायला हवं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसली मी. आठवड्याभरात नारपोलीत बोभाटा झाला, की पैसे दिले नाहीत तर मॅडम लाइन कापतात. दोन जुनी गिऱ्हाइकं येऊन 'आमचं सगळं आम्हाला लिहून द्या' म्हणाली. मी त्यांच्याशीही भांडले. रात्रंदिवस छातीत काहीतरी धावत असल्यासारखं व्हायचं, आणि त्याचा सगळा राग मी शेठवर काढायचे, मनातल्या मनात.

नवव्या दिवशी अकरा वाजता जिन्यावर ओळखीची पावलं वाजली. हनीफशेठ. धाप लागलेली. माझ्याकडे न बघता खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "बेटा, माझी साइट उघड."

मी उघडली. काय दिसणार ते मला ठाऊक होतं, आणि तरी उघडली. मुदत संपलेल्या नावावर जाहिराती चिकटवून ठेवायची पद्धत असते. वर त्यांच्या वडिलांचं नाव, आणि खाली कर्जाच्या जाहिराती, आणि अंगावर पुरतं कापड नसलेल्या बायकांचे फोटो. पाच वेळा नमाज पढणारा माणूस. त्यांनी मान फिरवली आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "माझ्या बापाचा नाव हाय तो."

मी बटणाकडे हात नेला आणि त्याच क्षणी लाइट गेले. लोडशेडिंग. मागचे लूम एकदम थांबले. माझी इन्व्हर्टरची बॅटरी कित्येक महिने मेलेली, दुरुस्तीला टाकते टाकते म्हणत राहिलेली. आता तीन तास काही होणार नव्हतं. शेठ म्हणाले, "बसतो मी." आणि बसले. मी पंख्याच्या बटणाची उघडझाप करत होते, खिडकीतून खांबाकडे बघत होते, खाली जाऊन शेजारच्याला विचारून येत होते. ते आपले मांडीवर हात ठेवून भिंतीकडे तोंड करून बसलेले. मध्येच एकदा म्हणाले, "ईदच्या मालाचा नमुना पास झाला का न्हाय, त्याची चिठ्ठी यायची होती. दहा दिवस झाले." नाव परत मिळतं, हे मी धरून बसले होते. बंद पेटीत आलेली पत्रं परत मिळत नाहीत, ती पाठवणाऱ्याकडे उलट जातात नाहीतर वाटेतच मरतात, हा विचार मी केलाच नव्हता.

लाइट आले. पैसे भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी साइट उघडली, चौकड्याचे रुमाल परत जागेवर. शेठनी लगेच त्या व्यापाऱ्याला एका बोटाने लांबलचक पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं. मीच वाचून दाखवलं. त्याने तीनदा लिहिलं होतं, तिन्ही पत्रं परत गेली. त्याने साइट बघितली, जाहिरातींतले ते फोटो बघितले, आणि समजला की हनीफशेठचा कारभार आटोपला. ऑर्डर त्याने दुसऱ्या देशात देऊन टाकली होती. खाली शेठना आणि कुटुंबाला भरपूर दुवा दिली होती.

शेठनी चष्मा काढून पुसला आणि गेले.

त्या पावसाळ्याआधी त्यांनी बारा लूम विकले. जुना लूम विकतात म्हणजे काय, ते भिवंडीबाहेरच्यांना सांगते. तो लूम म्हणून कुणी घेत नाही. हातोड्याने सुटा करतात आणि लोखंडाच्या वजनावर भंगारात जातो. माझ्या खिडकीतून तो ट्रक दिसला. मी खिडकी लावून घेतली.

आणि गंमत बघा, संपादकांना हव्या होत्या तसली. हनीफशेठनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. उलट सुताच्या बाजारात, चहाच्या टपरीवर, भेटेल त्याला सांगत सुटले, "चूक माझी. मी चोराला पैसे दिले. शैला मॅडमने माझ्या बापाचा नाव वापस आनला." त्या वर्षी माझ्याकडे जेवढी नवी गिऱ्हाइकं आली तेवढी आधी कधीच आली नव्हती. ती सगळी हनीफशेठनी पाठवलेली. प्रत्येक जण जिना चढून आला की मला तोंड लपवावंसं वाटायचं.

मी एकच केलं. एक कागद छापला. वर गिऱ्हाइकाचं नाव, त्याचं इंटरनेटवरचं नाव, ते कुठल्या कंपनीकडे आहे, तारीख कुठली, भाडं किती. खाली मोठ्या अक्षरात, 'या कंपनीखेरीज कुणाचंही बिल आलं तर भरू नका, सही करू नका, आधी मला दाखवा.' नाव दुसरीकडे वळवता येऊ नये म्हणून प्रत्येक नावाला त्या खात्यातच एक कडी लावता यायची, तीही सगळ्यांना लावली. कागद मराठीत, हिंदीत आणि उर्दूत. मी स्वतः कारखान्या-कारखान्यांत जाऊन तो विजेच्या मीटरशेजारी चिकटवला, कारण शेठ दुसरीकडे कुठे बघो न बघो, मीटरकडे बघतोच. पुढे पाकिटं येत राहिली. लोक ती माझ्याकडे आणून टाकायचे, कुणी रागाने, कुणी हसत. दिघाशीचे माझे एक चुलते, भाताची गिरणी होती त्यांची, ते तर लग्नपत्रिकासुद्धा आधी मला दाखवायला आणायचे. "बघ गो, ह्यो खरा हाय ना?" माझं एकही गिऱ्हाईक त्यानंतर फसलं नाही. हे मी छाती पुढे काढून सांगू शकते.

त्या कागदाचा उर्दू मजकूर हनीफशेठनी लिहून दिला होता. त्यांचं अक्षर फार देखणं. हनीफशेठ आता नाहीत, म्हणून हे लिहायचं धाडस होतंय. तो मजकूर घेऊन ते स्वतः वर आले होते. मी चहा मागवला. कागद माझ्यासमोर सरकवून त्यांनी चष्म्याची दोरी सारखी केली. मग म्हणाले, "बेटा, एक विचारू? रागावू नको."

"विचारा ना शेठ."

"ती तारीख... त्या दिवशी तुझ्या ध्यानात होती?"

मागे लूम चालू होते. मी टेबलावरचा माउस उचलला, परत ठेवला.

"न्हाय शेठ," मी म्हटलं. "कामाच्या गडबडीत राहून गेली."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. कितीतरी दिवसांनी ते मनापासून हसले.

"मी घरी हेच सांगत होतो," ते म्हणाले. "म्हटलं, शैलाला म्हाईत असती, तर ती अशी बसून राहिली नसती."

"हो शेठ," मी म्हटलं, आणि त्यांच्या बशीत चहा ओतला.